दाढेची कॅप: मेटल, सिरॅमिक की झिरकोनिया? खर्रा-भाकरीच्या तोंडासाठी परीक्षण

तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात रूट कॅनाल संपलं की पेशंटसमोर तीन भाव येतात. मेटलची कॅप साधारण 1,000 ते 2,500 रुपये, मेटलवर सिरॅमिक 2,500 ते 5,000 आणि झिरकोनिया 5,000 पासून वॉरंटीप्रमाणे 12,000 पर्यंत. बहुतेक जण मधला भाव निवडतात. अगदी स्वस्त नको आणि महागही नको. दाढेपुरतं बोलायचं तर हा मधला सौदाच सर्वांत कच्चा आहे. इथे प्रत्येक प्रकार एकाच कसोटीवर तपासला आहे: ज्वारीची भाकर, फुटाणे, सावजी मटणातली हाडं आणि नको म्हटलं तरी सुटत नाही तो खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण), हे सगळं चावणाऱ्या तोंडात कॅप किती वर्षं गपगुमान राहील?

आधी गरज. रूट कॅनाल झालेली दाढ मधून पोकळ झालेली असते. वरच्या टोकांना आतून आधार राहत नाही आणि सुपारीचं खांड दाताखाली आलं की दाढ उभी चिरते. चीर मुळात उतरली की दाढ काढण्यावाचून इलाज नसतो. म्हणून दाढ आणि उपदाढ यांना कॅप हवी, आणि ती महिनाभरात हवी. 'कापूस विकला की बघू' म्हणून ती दिवाळीवरून उन्हाळ्यावर ढकलली जाते आणि तोवर दाढ दुभंगते. पटाशीच्या दाताला मात्र मागून लहान भोक पाडून रूट कॅनाल केलं असेल आणि बाकी दात शाबूत असेल तर चांगल्या फिलिंगवर भागतं. तिथे कॅपचा आग्रह झाला तर कारण विचारावं.

कॅप किती टिकणार हे मटेरियलच्या आधी दातच ठरवतो. हिरडीच्या वर निरोगी दाताची निदान दीड-दोन मिलिमीटर उंच भिंत सगळीकडून शिल्लक हवी आणि कॅपची कड तिच्या खाली उतरायला हवी. घासून झाल्यावर दाढेची उंची चारेक मिलिमीटर उरली पाहिजे. आपल्याकडे मिश्री, गुडाखू (दातांना लावायची तंबाखू) आणि वर्षानुवर्षांची सुपारी यांनी पन्नाशीतल्या कित्येकांच्या दाढा आधीच झिजून बुटक्या झालेल्या असतात. त्यात कॅपसाठी आणखी दीड-दोन मिलिमीटर घासलं की खाली धरायला काही उरत नाही, आणि मग 12,000 ची कॅपसुद्धा भाकरीच्या घासाबरोबर हातात येते. अशा वेळी हिरडी, आणि गरज पडली तर हाडाची कड, थोडी खाली घेऊन दात उंच करून घ्यावा लागतो. निदान घासलेल्या भिंतींत उभ्या खाचा तरी पाडून घ्याव्यात. हे न करता नुसतं 'सिमेंट चांगलं वापरतो' असं उत्तर मिळालं तर ते उत्तर अपुरं आहे.

मेटल

चांदीसारखी दिसते म्हणून हिला कुणी विचारत नाही, पण मागच्या दाढेसाठी पैशाला सर्वांत जास्त मोल हीच देते. निकेल-क्रोमियम किंवा कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूंची ही कॅप चावायच्या बाजूला एक ते दीड मिलिमीटर आणि कडेला अर्धा मिलिमीटर जागा मिळाली तरी पुरेशी मजबूत होते. म्हणजे दात कमी घासावा लागतो. बुटक्या दाढेला हा फायदा फार मोठा आहे. तुटणं, टवका उडणं हा प्रकारच नाही. साधं ग्लास आयनोमर सिमेंट चालतं. पुढेमागे रूट कॅनाल पुन्हा उघडायची वेळ आली तर मधून भोकही पाडता येतं.

दोष दोन. एक म्हणजे दिसणं. पण खालची दुसरी दाढ बोलताना-हसताना कुणाला दिसते? दुसरा दोष खरा आहे: निकेलची ॲलर्जी. खोट्या दागिन्यांनी कानाला किंवा गळ्याला खाज सुटते, घड्याळाच्या पट्ट्याखाली पुरळ येतं, अशा माणसाने ही गोष्ट माप देण्याआधीच डॉक्टरांना सांगावी आणि निकेल नसलेला कोबाल्ट-क्रोमियम मागावा. जुन्या काही निकेल मिश्रधातूंत बेरिलियमही असे. त्याचा धोका पेशंटपेक्षा लॅबमध्ये धातू घासणाऱ्या कारागिराला जास्त. लॅबच्या पावतीवर धातूचं नाव लिहून मागायला काही हरकत नसते.

मेटलवर सिरॅमिक

आत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं धातूचं कवच, त्यावर धातूचा रंग झाकणारा थर आणि वर दातासारखं पोर्सेलीन. हे सगळं मावायला दाढेवर दीड ते दोन मिलिमीटर जागा लागते. म्हणजे सर्वांत जास्त दात हीच कॅप खाते, आणि बदल्यात चावायचा पृष्ठभाग मिळतो तो सर्वांत ठिसूळ. वरच्या पोर्सेलीनची ताकद 100 मेगापास्कलच्या (ताकद मोजायचं एकक) आसपास किंवा त्याहून कमी. झिरकोनियाची त्याच्या कैकपट. फुटाणा, खडा, सुपारी यांवर टवका उडतो आणि खालचा काळा धातू उघडा पडतो. तोंडातच कंपोझिट लावून केलेली डागडुजी दाढेवर फार तग धरत नाही. पुढे हिरडी थोडी खाली सरकली की कडेला काळी रेघ दिसू लागते. 'हिरडी काळी पडली' ही तक्रार बहुतेक वेळा याच रेघेची असते.

'डीएमएलएस' या नावाने जादा पैसे घेतले जातात, त्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. त्यात आतलं धातूचं कवच ओतकामाऐवजी धातूच्या भुकटीवर लेसर चालवून थरावर थर बांधलेलं असतं. त्यामुळे बसणं अधिक नेमकं होऊ शकतं, हे खरं. पण वरचं पोर्सेलीन तेच राहतं, त्यामुळे टवका उडण्याच्या तक्रारीवर हे उत्तर नाही.

एक जुना पर्याय मात्र उगाच विस्मरणात गेला आहे: चावायची बाजू पूर्ण मेटलची आणि फक्त गालाकडच्या बाजूला सिरॅमिक. लॅबवाले त्याला 'फेसिंग' म्हणतात. हसताना दात पांढरा दिसतो आणि चावायला धातू असतो. वरच्या उपदाढेला किंवा पहिल्या दाढेला, झिरकोनियाचं बजेट नसेल तेव्हा, हीच मागावी. लांब ब्रिजलाही (पडलेल्या दाताच्या जागी जोडून बसवलेले दात) मेटल-सिरॅमिक अजून चालतं. एकट्या मागच्या दाढेला पूर्ण सिरॅमिक घेण्यात राम नाही.

झिरकोनिया

बजेट असेल तर दाढेसाठी पहिली पसंती हिलाच, पण झिरकोनिया म्हटल्यावर सगळी एकच नसते. इट्रिया या तिच्यात मिसळलेल्या घटकाच्या प्रमाणावरून तिचे प्रकार पडतात आणि लॅबमध्ये त्यांना 3वाय, 4वाय, 5वाय म्हणतात. 3वाय सर्वांत मजबूत, 1,000 मेगापास्कलच्या वर, पण खडूसारखी पांढरी आणि अपारदर्शक. 5वाय काचेसारखी सुंदर, पण ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. 4वाय मधली. कॅटलॉगात 'अल्ट्रा ट्रान्सल्युसंट', 'सुपर ट्रान्सल्युसंट' अशी नावं असतात, आणि जास्त पारदर्शक म्हणजे जास्त चांगली असा समज करून घेतला जातो. दाढेला उलट हवं. मागे 3वाय किंवा 4वाय, पुढे 5वाय.

दुसरा प्रश्न: अखंड की थर चढवलेली? झिरकोनियाच्या कवचावर पोर्सेलीन चढवलं तर तेच जुनं दुखणं परत येतं, टवका उडतो. दाढेला 'मोनोलिथिक', म्हणजे अख्खी एकाच ठोकळ्याची, असं स्पष्ट सांगावं. तिला एक ते दीड मिलिमीटर जागा पुरते.

बनवण्याची रीत अशी: अर्धवट भाजलेल्या पांढऱ्या चकतीतून यंत्र कॅप कोरून काढतं. भट्टीत जाताना ती 20 ते 25 टक्के आटणार हे धरून मोठीच कोरतात. मग साधारण 1,500 अंश सेल्सिअसच्या आसपास कित्येक तास भाजतात. चकती स्वस्तातली असेल, आटण्याचा हिशेब चुकला असेल किंवा घाईत भाजली असेल तर बसण्यात नाहीतर ताकदीत फरक पडतो. बाहेरून बघून यातलं काही कळत नाही. म्हणून वॉरंटी कार्ड बघावं, पण नीट वाचून. त्यावर पेशंटचं नाव, दाताचा नंबर (46 असेल तर खालची उजवीकडची पहिली दाढ, 36 असेल तर डावीकडची) आणि लॅबचा तपशील असावा. पाच, दहा, पंधरा वर्षांची वॉरंटी असते ती कॅप तुटण्याची. खालचा दात किडला, हिरडी सुजली, रूट कॅनाल बिघडलं तर कार्ड उपयोगाचं नाही. आणि प्रत्यक्षात घोटाळा बहुधा याच दुसऱ्या यादीतून होतो.

झिरकोनिया समोरचा दात झिजवते का? आरशासारखी पॉलिश केलेली असेल तर पोर्सेलीनपेक्षा कमीच. पण बसवताना चावा उंच लागतो, डॉक्टर बर (मशिनचं घासायचं टोक) लावून थोडं घासतात आणि ती जागा तशीच खरबरीत सोडून देतात. मग मात्र ती सँडपेपरचं काम करते आणि समोरची दाढ झिजते. चकाकीचा थर काही काळाने उतरतोच, म्हणून त्याखाली पॉलिश झालेलं असणं महत्त्वाचं. घासलेल्या जागेवर झिरकोनियाचे खास रबर आणि डायमंड पेस्ट फिरवली का, हे विचारण्यात संकोच करू नये. जीभ फिरवून बघितलं तरी खरबरीतपणा कळतो.

तिचा खरा तोटा पुढे कळतो. रूट कॅनाल पुन्हा करायची वेळ आली तर झिरकोनियातून भोक पाडायला बरच्या बर खर्ची पडतात आणि कॅप तडकण्याची भीती असते ती वेगळी. म्हणून ज्या दाढेच्या रूट कॅनालबद्दल शंका आहे, मुळाशी मोठी गाठ होती किंवा अजून दाबलं तर दुखतं, तिथे आधी तात्पुरती कॅप लावून थांबणं शहाणपणाचं.

ई-मॅक्स

लिथियम डायसिलिकेट नावाच्या सिरॅमिकची कॅप. ताकद 400 मेगापास्कलच्या आसपास, सौंदर्यात सर्वांत पुढे. पटाशीचे दात, सुळे, फार तर उपदाढ. खर्रा खाणाऱ्याच्या मागच्या दाढेला नको. ही कॅप चिकटवण्याची रीत वेगळी आहे: आतून 5 टक्के हायड्रोफ्लोरिक ॲसिड 20 सेकंद, मग सिलेन (सिमेंटची पकड बसवणारं द्रव), मग रेझिन सिमेंट. झिरकोनियावर हे ॲसिड काम करत नाही. तिथे आतून सँडब्लास्ट (बारीक भुकटीचा मारा करून खरबरीत करणं) आणि एमडीपी हे पकड देणारं रसायन असलेला प्रायमर लागतो. दोन्हींना एकच रीत लावणारा दवाखाना असेल तर यातल्या एकीचा बळी जाणार हे नक्की.

यवतमाळ, चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या पाण्याने दातांवर खडूचे पांढरे पट्टे आणि तपकिरी डाग असलेल्यांसाठी एक इशारा. शेड गाइडवरच्या (दाताचा रंग जुळवायच्या नमुना-पट्टीवरच्या) सोळा छटांपैकी एकही अशा दातांशी जुळत नाही. एकच दात एकसारखा पांढराशुभ्र बसला तर तोच उठून दिसतो. शेजारच्या दातांचे फोटो शेड टॅब (त्या पट्टीवरचा एक नमुना) शेजारी धरून, दिवसाच्या उजेडात काढून लॅबला पाठवावे लागतात. छटा घासण्याच्या आधी बघायची, कारण तोंड बराच वेळ उघडं राहून दात सुकला की तो आहे त्याहून पांढरा दिसतो. खाली काळा पडलेला दात किंवा धातूचा पोस्ट (मुळात रोवलेली आधाराची काडी) असेल तर ई-मॅक्समधून करडी झाक येते. तिथे कमी पारदर्शक मटेरियल घ्यावं.

माप: पैसे वाया जातात ते इथे

कॅप तुटली म्हणून फेकण्यापेक्षा कडेतून किडली म्हणून काढण्याचे प्रसंग जास्त. कॅप आणि दात यांच्या सांध्यात फट राहिली की आतलं सिमेंट विरघळतं, अन्न शिरतं आणि दाढ आतल्या आत कुजते. रूट कॅनाल झालेली असल्याने दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही. मेटल आणि झिरकोनिया एक्स-रेमध्ये पूर्ण पांढरे दिसतात, म्हणून कॅपच्या आड दडलेली कीडही दिसत नाही.

फट बहुतेक वेळा मापातून येते. तालुक्याचा दवाखाना माप घेतो आणि ते कुरिअरने किंवा एसटीच्या पार्सलने नागपूर, अमरावती, अकोल्याच्या लॅबला जातं. पाण्यात कालवायच्या ॲल्जिनेट पावडरचं माप असेल तर त्यात पंधरा मिनिटांच्या आत प्लास्टर ओतायला हवं. एप्रिल-मेच्या उन्हात ते त्याहून लवकर सुकून आकसतं. ते ओल्या कापडात गुंडाळून दुसऱ्या दिवशी लॅबला गेलं तर कॅप बसणार नाही हे तिथेच ठरलं. कायमच्या कॅपसाठी ॲडिशन सिलिकॉनचंच माप हवं. पुट्टी (घट्ट) आणि लाइट बॉडी (पातळ) अशा दोन भागांतलं हे माप कित्येक दिवस आकार सोडत नाही. फक्त पुट्टी लॅटेक्सच्या हातमोज्यांनी मळली तर ती नीट सेट होत नाही. विनाइल किंवा नायट्राइल मोजे लागतात. माप घेण्याआधी हिरडीत बारीक दोरा घालून ती काही मिनिटं बाजूला सारतात. रक्त येत असताना घेतलेल्या मापात कड उमटत नाही. त्या दिवशी डॉक्टरांनी 'हिरडी सुजली आहे, आठवड्याने या' म्हणून परत पाठवलं तर चक्कर पडली म्हणून रागावू नये. तो दवाखाना चांगला आहे. काही ठिकाणी आता तोंडात कॅमेरा फिरवून स्कॅन घेतात. त्यात पार्सलचा प्रश्न मिटतो, पण कड रक्ताखाली असेल तर कॅमेऱ्यालाही दिसत नाही.

आणि खर्रा. खर्रा खाणाऱ्या कित्येकांचं तोंड कमी उघडतं. दोन बोटंही आत जात नसतील तर मशिनचं डोकं शेवटच्या दाढेवर सरळ धरता येत नाही, मागची बाजू कमी घासली जाते आणि पुट्टीचा ट्रे आत जात नाही. अशा तोंडात शेवटच्या दाढेला सर्वांत कमी जागा मागणारी मेटलच योग्य. पण कॅपच्या आधी तोंड का मिटत चाललंय याची तपासणी हवी. हा सबम्युकस फायब्रोसिस (तोंडातलं आतलं अस्तर कडक होत जाण्याचा आजार) असू शकतो आणि तो कॅन्सरच्या आधीची पायरी मानला जातो. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, वर्ध्याजवळचं सावंगी मेघे, अमरावती, अकोला इथली डेंटल कॉलेजं ही तपासणी करतात. कॅपही तिथे कमी खर्चात होते, फक्त फेऱ्या जास्त होतात.

बसवण्याचा दिवस

सिमेंट लावण्याआधी कॅप नुसती ठेवून बघतात. डॉक्टरांचा अणकुचीदार प्रोब कडेवर अडकला नाही पाहिजे. शेजारच्या दातामध्ये फ्लॉस (दातांच्या फटीत घालायचा दोरा) थोडा अडून, टक्कन जायला हवा. सहज सरकला तर तिथे रोज मटणाचे धागे आणि पालेभाजी अडकणार. मग निळा कागद चावायला देतात. भूल उतरलेली असताना चावा तपासून घेणं बरं. बधिर जबडा खोटं सांगतो. 'दोन दिवसांत सवय होईल' हे उंच कॅपच्या बाबतीत खरं नाही, दाढ ठणकू लागते.

ग्लास आयनोमर सिमेंट उष्णतेने लवकर घट्ट होतं. खोली तापलेली, वीज गेलेली, अशा दुपारी कॅप पूर्ण खाली उतरायच्या आत सिमेंट आवळतं आणि आधी बरोबर असलेला चावा उंच होतो. थंड केलेली, पण कोरडी पुसलेली काचेची पाटी हा त्यावरचा उपाय. उन्हाळ्यात सकाळची वेळ घेणं हा पेशंटच्या हातातला उपाय. नंतर तासभर काही खाऊ नये, दिवसभर त्या बाजूने कडक चावू नये. हिरडीत राहिलेला सिमेंटचा कण हिरडी सुजवत राहतो, म्हणून चार दिवसांनीही तिथून रक्त येत असेल तर दाखवावं.

आठवडी बाजारात तासाभरात 'फिक्स दात' बसवून देणारे असतात. ते दाताच्या रंगाचं ॲक्रिलिक कालवून शेजारच्या दातांना आणि हिरडीला थापतात. ती कॅप नव्हे. त्याखाली धडधाकट दातही सडतात.

कॅप निघाली तर फेविक्विक लावून परत बसवू नये. ती उलटसुलट बसते आणि खालचा दात साफ करणंही अवघड होतं. कॅप धुऊन, पण आतून न खरवडता, डबीत घालून दोन-तीन दिवसांत दवाखान्यात न्यावी, कारण ती का निघाली हे आतल्या सिमेंटवरून कळतं. सगळं सिमेंट कॅपमध्ये चिकटून आलं असेल तर दाताकडची पकड सुटली: दात बुटका, फार निमुळता घासलेला किंवा लावताना ओला होता. सिमेंट दातावरच राहिलं आणि कॅप आतून स्वच्छ असेल, विशेषतः झिरकोनियाची, तर ती आतून सँडब्लास्ट केली नसावी. मग साफ करून, पुन्हा तयार करून तीच कॅप बसवता येते. आणि कॅपच्या पोटात दाताचा तुकडाच मोडून आलेला दिसला, तर पुन्हा चिकटवण्याचा आग्रह न धरता आधी एक्स-रे काढून घ्यावा.